ताणलेला दोर

दादा आणि मी जन्मभर इमारतींना परांच्या बांधल्या. निवृत्तीनंतर त्याने मुलीच्या घरासाठी जमिनीचा तुकडा घेतला. एका सकाळी तिथे तीन तंबू उभे दिसले. कुणी विचारलं नव्हतं.

आम्ही एका वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "आधी तोंडी सांगा, मग नोटीस, मग पोलीस नाहीतर कोर्ट. तंबूंना हात लावू नका. तुम्ही सामान फेकलंत तर गुन्हा तुमच्यावर."

दादाच्या मेव्हण्याला हे पटलं नाही. तो चार माणसं आणि कोयते घेऊन जमिनीवर आला. आम्ही मागोमाग धावलो.

"दाजी, तुम्ही फक्त बाजूला उभे राहा," मेव्हणा म्हणाला.

तंबूतून एक बाई बाहेर आली, मागे तिचा नवरा पहार घेऊन. मेव्हण्याने तंबूच्या दोरावर कोयता ठेवला. दादाने त्याचं मनगट पकडलं.

"दोर ताणलेला आहे. तोडलास तर खांब आत पडेल. आत कोण आहे, बघितलंस?"

"सासरे आहेत," बाई म्हणाली. "त्यांना उठता येत नाही."

"दाजी, जमीन तुमची की ह्यांची?"

"माझी. म्हणूनच इथे कुणी मेलेलं नकोय."

मग दादा बाईच्या नवऱ्याकडे वळला. "इथून निघावं लागेल. आज नोटीस देतोय, नंतर पोलीस येतील. तोवर दुसरी जागा बघा."

नवऱ्याने पहार खाली ठेवली. मेव्हणा पुटपुटत निघून गेला.

आम्ही तसेच वकीलबाईंकडे गेलो. दादाने नोटिशीवर सही केली; पंख्याने उडू नये म्हणून कागद मी धरला.