दुपारी जाणारी लाईन

पीएच.डी.ला नाव नोंदवलं तेव्हा माझा विषय फार देखणा होता. कॉम्प्युटरच्या जाळ्यात एक वाट बंद पडली, तर माहितीने दुसरी वाट किती लवकर शोधावी, याचं गणित मी मांडणार होते. राहात्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवते. तिथली एसी असलेली प्रयोगशाळा आणि वीस कॉम्प्युटर एवढ्यावर माझं सगळं भागणार होतं. उन्हात जायची गरज नव्हती आणि खरं सांगायचं तर विषय निवडताना मी तेच पाहिलं होतं.

पहिला अहवाल घेऊन पुण्याला माझ्या मार्गदर्शक सरांकडे गेले. त्यांनी तो शांतपणे वाचला आणि चष्मा काढून विचारलं, "तुमच्या कॉम्प्युटरवर वाट बंद पडते, कारण ती तुम्ही बंद पाडता. तुमच्या तालुक्यात ती कशाने बंद पडते?"

"केबल तुटते, सर."

"नेहमी तुटतेच?"

मी अहवाल परत पिशवीत घातला. येताना एसटीत सबंध रस्ता मी सरांवर चिडून होते. संगमनेर आलं तेव्हा जरा शांत झाले आणि घरी पोचेपर्यंत ठरवून टाकलं, की एक तरी केबल स्वतःच्या डोळ्यांनी बघायची.

आमच्या कॉलेजपासून जवळच्याच एका गावात ग्रामपंचायतीचं इंटरनेट रोज दुपारी जातं आणि उन्हं कलली की आपोआप येतं, असं आमच्याच एका शिपायाने सांगितलं. मी स्कूटर काढून तिकडे गेले. पंचायतीत कॉम्प्युटरवर काम करणारी मुलगी माझ्याहून बरीच लहान, पण फार पद्धतशीर होती. लोक तिच्यावरच चिडायचे, म्हणून तिने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत लाईन कधी गेली आणि कधी आली ते पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. पाच महिन्यांचं.

"मॅडम, मी खोटं बोलत नाही हे दाखवायला लिहिलं," ती म्हणाली.

मी सगळ्या पानांचे फोटो काढले. माझ्या संशोधनाला मिळालेली ही पहिली खरी माहिती.

घरी जाऊन मी झटकन निष्कर्ष काढला. दुपारी जमीन तापते, काळ्या मातीला भेगा पडतात, केबल ताणली जाते आणि संध्याकाळी माती निवली की सैल होते. यावर तीन पानं लिहिली. सुरेख झाली होती. चौथं पान लिहिताना कॅलेंडर पुन्हा पाहिलं, तर मला आठवत असलेल्या ढगाळ दिवसांतही लाईन गेलेली. वर आणखी एक भानगड. आठवड्यातल्या एका वारी ती कधीच गेली नव्हती. पाच महिन्यांत एकदाही नाही. मी त्या मुलीला फोन करून विचारलं, "या वारी तुमच्याकडे काय असतं?"

"आमच्याकडे काही नाही, मॅडम. त्या दिवशी राहात्याचा बाजार असतो."

बाजार पाळणारी माती मी तरी ऐकली नव्हती. तीन पानं बाजूला ठेवली.

या कामासाठी मला सोबत मिळाली ती केबलचे जॉइंट मारणाऱ्या एका काकांची. वय पन्नाशीच्या पुढे, आधी टेलिफोनच्या तांब्याच्या तारा जोडायचे, आता काचेच्या. केसाएवढे दोन काचेचे तंतू यंत्रात समोरासमोर धरून ते असे एकजीव करायचे, की जोड कुठे आहे ते सापडू नये. मी प्राध्यापक म्हणून ते मला मॅडम म्हणायचे, आणि मी काही चुकीचं बोलले की नुसतं "बरं" म्हणायचे. त्यांच्या "बरं"चा अर्थ मला आठवड्याभरात कळला.

त्यांच्याकडे एक मीटर होता. तो केबलमध्ये प्रकाशाचा ठोका सोडतो, वाटेत जिथे अडथळा असेल तिथून थोडा प्रकाश मागे फिरतो, आणि त्याला किती वेळ लागला यावरून अडथळा किती लांब आहे ते पडद्यावर दिसतं. एका दुपारी लाईन गेल्याचा फोन आला तसा आम्ही केबलच्या सुरुवातीच्या टोकाला मीटर लावला. काकांनी आधी एक प्रकाश सोडून पाहिला, मग दुसरा, जास्त लांब लहरींचा, जो केबल वाकली की लवकर बाहेर सांडतो. पहिला बराचसा पार गेला, दुसरा मात्र एका जागी जवळजवळ संपला.

मी पुस्तकात वाचलेलं बोलून टाकलं, "तुटली असती तर दोन्ही सारखेच अडले असते."

या वेळी काका "बरं" म्हणाले नाहीत. "व्हय मॅडम. तुटलेली न्हाई. कुनीतरी वाकवलीया."

मीटरने पाच किलोमीटरच्या थोडं पुढचा आकडा दाखवला होता. काका मोटारसायकलवर पुढे, मी स्कूटरवर मागे. पेरूच्या बागा संपल्या की एक कोरडा ओढा लागतो, त्यावर दगडी मोरी, म्हणजे रस्त्याचा छोटा पूल आहे. तिथे केबलची नळी मातीतून बाहेर येऊन मोरीच्या कडेने पलीकडे जाते. नळी फुटलेली होती आणि आतली काळी केबल हातभर उघडी पडली होती. त्या केबलला एक दावं बांधलं होतं. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला, कडुलिंबाच्या सावलीत, एक भलीमोठी म्हैस डोळे मिटून रवंथ करत बसली होती. ती बसली होती म्हणून दावं ताणलेलं होतं, आणि दावं ताणलेलं होतं म्हणून केबल दगडाच्या कडेवर काटकोनात मुडपली होती.

मी आधी फोटो काढला. शेजारच्या वस्तीवरून एक मावशी खुरपं घेऊन आल्या.

"काय गं बाई, दूध पायजे का?"

"नाही मावशी. ही म्हैस इथे रोज बांधता का?"

"रोज. दुपारची सावली हितंच असती. बाजाराच्या दिशी मी नसते, तवा गोठ्यातच ऱ्हाती."

"आणि या काळ्या नळीला का बांधता?"

"ती कवाचीच बंद हाय. पानी न्हाई येत तिच्यातनं. पर लई मजबूत हाय बघ."

काका हळूच म्हणाले, "पान्याची न्हाई बाई ती. आख्ख्या गावाचं इंटरनेट हाय त्यात."

मावशींनी काकांकडे पाहिलं, मग म्हशीकडे. "आन ही त्याच्यावर बसली?"

"रोज बसती."

मावशींनी पदर तोंडाला लावला आणि त्या इतक्या हसल्या, की त्यांना मोरीवर टेकावं लागलं. मग मीही हसले. काका तेवढे गंभीर राहिले आणि दावं सोडायला वाकले.

"थांबा काका!" मी ओरडलेच. "आधी मोजू."

पंचायतीतल्या मुलीला फोन लावून चालू ठेवला. मावशींनी म्हशीला उठवलं. क्षणभराने फोनमधून आवाज आला, "मॅडम, आली! लाईन आली!" म्हैस वीस मिनिटांनी पुन्हा बसली. "गेली, मॅडम." आम्ही हे तीनदा केलं. चौथ्यांदा म्हशीने उठायला साफ नकार दिला.

त्याच दिवशी काकांनी गावाची केबल सोडवून नव्या नळीत घातली. पण मला माहिती हवी होती. म्हणून काकांकडच्या तसल्याच केबलचा उरलेला तुकडा मोरीवर तशाच कडेने लावला, त्यात एक तणाव मोजायचा काटा अडकवला आणि मावशींना विचारलं, आठ दिवस म्हैस याला बांधाल का?

"त्यानं काय व्हनार?"

"म्हैस बसली की किती उजेड बाहेर सांडतो ते कळेल."

"उजेड सांडतो?" त्यांचा विश्वास बसेना.

काकांनी पेटीतून एक छोटा लाल दिवा काढून सुट्या तंतूच्या टोकाला लावला आणि तंतू बोटावर वळवला. भर उन्हात काही दिसेना, म्हणून त्यांनी डोक्यावरून उपरणं घेतलं. मावशीही आपलं डोकं त्या उपरण्यात घालून मोकळ्या झाल्या. आतून त्यांचा आवाज आला, "अगं बया! वळलं तितंच पाझरतंय की!" पीएच.डी.च्या एका सबंध प्रकरणाचं सार होतं ते. पुढे मी तेच चाळीस पानांत लिहिलं.

प्रयोगाचे पहिले दोन दिवस वाया गेले. काट्याचा आवाज येत असावा किंवा आम्हा दोघांचं टक लावून बघणं आवडलं नसावं, म्हैस उभीच राहिली. तिसऱ्या दिवशी मावशींनी जागेवर चार बादल्या पाणी ओतून चिखल केला आणि आम्हाला म्हणाल्या, "तुमी तिकडं तोंड करून बसा." पाच मिनिटांत ती बसली. त्यानंतर मात्र तिने आम्हाला रोज व्यवस्थित आकडे दिले.

माझा विषय बदलला. जमिनीखालच्या आणि उघड्यावरच्या केबली कशाने वाकतात, आणि बंद पडण्याआधी ते मीटरवरून कसं ओळखावं, यावर मी पुढची अडीच वर्षं राहाता ते शिर्डी भागातल्या मोऱ्या, बांध आणि खांब पालथे घातले. उन्हाने माझा रंग दोन छटांनी काळवंडला. सर मात्र खूश होते.

शेवटची तोंडी परीक्षा पुण्याला झाली. ती कुणालाही ऐकता येते, म्हणून काका इस्त्रीचा शर्ट घालून शेवटच्या रांगेत बसले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तक्त्यावर बोट ठेवून विचारलं, "हा इथला भार एकसारखा दिसत नाही. तुम्ही तो लावला कसा?"

'सजीव भार' असा एक शब्द मी तयार ठेवला होता. तेवढ्यात मागून आवाज आला, "लावला न्हाई साहेब. ती आपली आपन बसली."

सगळी खोली मागे वळली. मग मला सगळं सांगावंच लागलं, मोरीपासून चिखलापर्यंत. परीक्षकांनी पुढचे प्रश्न मला विचारलेच नाहीत, ते काकांनाच विचारत राहिले. कुठल्या मातीत नळी वर येते, जॉइंट कुठे ठेवावा, उंदीर केबल का कुरतडतात. काका उभे राहून, हात मागे बांधून, एकेकाचं उत्तर देत होते. मी व्यासपीठावर उभी राहून ऐकत होते आणि दोन गोष्टी नव्याने लिहूनही घेतल्या.

परतताना एसटीत काकांनी प्रबंध मांडीवर घेतला. इंग्रजी त्यांना फारसं येत नाही. त्यांनी पानं चाळून एक फोटो शोधला. त्यांनीच मारलेला एक जॉइंट, झाकण उघडून काढलेला.

"हे माझं काम हाय न्हवं?"

"तुमचंच काका. खाली तसं लिहिलंय."

"पुरून टाकलं की कुनाला दिसत न्हाई हे," ते म्हणाले आणि त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून घरी पाठवला. तेवढ्यात त्यांना फोन आला. शिर्डीच्या रस्त्याला खोदकामात केबल तुटली होती. राहात्याला गाडी पुरती थांबायच्या आत काका उतरले, आणि प्रबंध चुकून बरोबर घेऊन गेले. दोन दिवसांनी परत आणून दिला तेव्हा म्हणाले, घरच्यांनी जेवताना सगळी पानं बघितली. एका पानावर आमटीचा डाग आहे. मी तो तसाच ठेवला आहे.