आत्याचं कुंकू

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या आत्याचे. रिठदच्या घरात मला पदवीपर्यंत शिकवलं ते तिनंच. मी नोकरीवरून सुट्टीला घरी आलो होतो, तेव्हा दसऱ्याला तिनं विळ्या-कुऱ्हाडीसोबत माझ्या लॅपटॉपलाही कुंकू लावलं. नेमका आठवडाभरात तो अडखळू लागला. वाशिमचा दुरुस्तीवाला भरल्या दुकानात तिला म्हणाला, "मावशी, कुंकू लावून व्हायरस घातला तुमी. आता याले हात नोका लावू." सगळे हसले. आत्यानं खरोखरच पुन्हा लॅपटॉपला हात लावला नाही.

ते हसणं मी विसरलो नाही. एकेक प्रोग्राम बंद करून पाहिला, तेव्हा कळलं की आत दोन अँटिव्हायरस एकमेकांशी भांडत होते. दुसरा त्याच माणसानं दसऱ्याआधी टाकला होता. बाजाराच्या दिवशी, गर्दी पाहूनच, मी त्याच्या दुकानात गेलो. त्यानं टाकलेला अँटिव्हायरस सगळ्यांसमोर काढला. लॅपटॉप झपाट्यानं चालू लागला.

"भाऊ, आता सांगा, कुंकवानं बिघडला का तुमच्या हातानं?"

तो घाईघाईनं दुसऱ्या गिऱ्हाइकाचा मोबाइल उघडू लागला. मला फार बरं वाटलं, अजूनही वाटतं.

नोकरीच्या गावी परतल्यावर आत्याला पत्र टाकलं: "आत्या, तुह्या कुंकवानं काहीच झालं नव्हतं. पुढच्या दसऱ्याले लॅपटॉपची पूजा तूच कर. फोटो मी त्या दुरुस्तीवाल्याले पाठवतो."