सीलिंगच्या वर

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कारेगावजवळच्या एका नव्या कारखान्यात तो पाइप फिटर होता आणि मी गेटपाशी साइट ऑफिसात बसायचे. अख्खी इमारत माझ्या कॉम्प्युटरवर उभी होती. पुढे दुरुस्तीला उपयोग व्हावा म्हणून प्रत्येक पाइप मी त्यात भरत असे. तो चहाच्या वेळी दारातून स्क्रीन बघायचा, पण आत यायचा नाही.

फॉल्स सीलिंग बसलं त्या दिवशी मात्र तो बायकोला घेऊन आला.

"मॅडम, हिला कारखान्यात सोडत न्हाईत. उद्यापासनं माझाबी पास बंद. जरा दाखवता का?"

मी स्क्रीनवरचं सीलिंग काढलं, तसे त्याच्या वरचे पाइप दिसू लागले. कानावरची पेन्सिल काढून, ती काचेला न टेकवता तो तिला एकेक वळण दाखवत गेला.

"एवढं राबून झाकून टाकायचं व्हय?" तिनं विचारलं.

"गळालं तरच कुणी उघडून बघंल. म्हंजी कुणी बघायलाच नको."

थोड्या वेळानं तो म्हणाला, "झालं का बघून? मॅडमना कामं हायेत."

"थांबा की," ती म्हणाली.

मी माउसवरचा हात काढून घेतला.