तोकुजीची पाठ

आमच्या बेटावर पाहण्यासारखं आहे तरी काय? संत्र्याच्या बागा, मांजरं आणि आम्ही म्हातारे. पण टीव्हीवरच्या एका ॲनिमेत, म्हणजे कार्टून मालिकेत, आमचा बोटीचा धक्का काय दिसला, तरुण पोरापोरींची रीघच लागली. मोबाइलवर ॲनिमेतलं चित्र उघडायचं आणि समोरचा देखावा त्याच्याशी तंतोतंत जुळेपर्यंत फोटो काढत राहायचं. एक पाऊल मागे, अर्धं डावीकडे, असं करत करत नेमकं माझ्या सलूनच्या दारात. मी खेकसलो की वाकून माफी मागतात आणि परत तिथेच उभे.

धक्क्यासमोर इसुझूवहिनींचं वाणसामानाचं दुकान आहे. त्यांचा नवरा तोकुजी माझा शाळेपासूनचा दोस्त. तो बोटीचे दोर बांधायचा आणि बोट येईपर्यंत बाकावर समुद्राकडे तोंड करून बसायचा. चाळीस वर्षं वहिनींनी गल्ल्यावरून त्याची पाठच पाहिली. त्या ॲनिमेचे चित्रकार धक्क्याचे फोटो काढून गेले तेव्हा तो होता. ॲनिमे लागलं तेव्हा नव्हता. त्यात चारच सेकंद तो बाक दिसतो, आणि त्यावर निळ्या कोटातला एक म्हातारा, डावा खांदा जरासा वर. एका मुलीनं ते चित्र दाखवलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "हे आमचे आहेत." मग येईल त्याला चहा द्यायच्या आणि हळूच म्हणायच्या, "ते चित्र दाखवता का जरा?"

तोकुजीला कळ आली त्या दिवशी वहिनी बहिणीच्या गावी होत्या. त्याला बोटीनं पलीकडच्या हॉस्पिटलात नेलं, तो तिथून परत आला नाही. "जाताना मी दारात उभी नव्हते हो," हे त्या मला किती वेळा बोलल्या असतील, गणती नाही.

गेल्या शरदात ती चित्र दाखवणारी मुलगी, कोहारु, चार मित्रांना घेऊन आली.

"आजोबा, त्या बाकावर बसता का? चित्र पूर्ण होईल."

"का? मला दुसरे उद्योग नाहीत?"

तेवढ्यात वहिनी दुकानातून बाहेर आल्या. हातात घडी केलेला निळा कोट.

"बसा ना भावजी. माझ्यासाठी."

"अहो वहिनी, मी त्याच्यापेक्षा चार बोटं बुटका."

"बसल्यावर काही कळत नाही."

कोट चढवला, त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. बाकावर बसलो. पोरं मागून सूचना देत होती, "खांदा वर, आजोबा. अजून थोडा." मी म्हटलं, "उखडूनच घ्या की." फोटो झाले, पोरांनी आभार मानले. मी उठणार, तोच मागून वहिनींचा आवाज आला.

"मागे बघू नका. तसेच चालत जा, देवळाच्या कोपऱ्यापर्यंत. सावकाश."

या वेळी त्या भावजी म्हणाल्या नाहीत.

मी चालू लागलो. डावा खांदा आपोआप वर राहिला. आमच्या बेटावर घरून निघालेला माणूस नजरेआड होईपर्यंत घरचे दारात उभे राहतात, आणि जाणारा कोपऱ्यावर थांबून, वळून एकदा वाकतो, तसे घरचेही वाकतात. जन्मभराची सवय, माझी मान वळायलाच लागली होती. पण वळलो असतो तर वहिनींना माझं थोबाड दिसलं असतं. मी मान ताठ धरली आणि तसाच कोपरा ओलांडला.

देवळाच्या भिंतीआड कोट काढला. भडभडून आलं, सांगायला लाज कसली. तोकुजीची इतकी आठवण मला त्याच्या अंत्यविधीलाही आली नव्हती. बऱ्याच वेळानं भिंतीआडून डोकावलं. वहिनी दारात अजून वाकलेल्याच होत्या. पोरांना कुणी काही सांगितलं नव्हतं, पण मोबाइल खिशात घालून तीही त्यांच्या शेजारी वाकून उभी होती.