पाटी खाली ठेवू काय?

सभाबाई कधी सभेत बसली नाही. चावडीत असो, शाळेत असो, देवळापुढच्या मांडवात असो, ती सगळ्यांच्या मागे, दाराशी उभी राहायची. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मासळीची पाटी आणि दोन्ही हात कमरेवर. पाटीतून पाणी ठिबकत असायचं. वारा फिरला की अध्यक्षांना सभा लवकर संपवावीशी वाटायची. एखादा वक्ता फारच रंगात आला की मागून आवाज यायचा, "पाटी खाली ठेवू काय?" एवढ्यावर चांगले चांगले आवरतं घ्यायचे. कारण पाटी खाली आली म्हणजे सभाबाई भांडायला मोकळी झाली. मग त्या दिवसाची सगळी मासळी नासली तरी ती हटायची नाही, हे गावाला ठाऊक होतं.

गाव थळपासून चालत जाण्याच्या अंतरावरचं. त्याचं नाव सांगत नाही, कारण ज्या रावसाहेबांबद्दल पुढे लिहिणार आहे त्यांचे नातू अजून तिथं आहेत आणि त्यांतला एक माझ्यासारखाच मास्तर आहे. मास्तर लोक वाचलेलं विसरत नाहीत.

मी लोकल बोर्डाच्या शाळेत तिथं रुजू झालो, तेव्हा मिठाचा सत्याग्रह नुकताच होऊन गेला होता. माझा कोट गिरणीच्या कापडाचा आणि आतला सदरा खादीचा. सरकारही नाराज व्हायला नको आणि देशही. नाराज व्हायचं ते माझं अंग, उन्हाळ्यात. अशा मला गावात पहिलं भाषण करायची संधी मिळाली. मी घसा साफ करून सुरुवात केली, "निराधारांना आधार देणे हे समाजाचे आद्य कर्तव्य आहे."

"मास्तर," मागून आवाज आला, "तुमचा ह्यो समाज र्‍हातो कुठं? न्हाय, त्याच्या दारात पाटी घेऊन जावावं म्हनतंय. आजचं बांगडे चांगलं हायत."

सभा हसली. मी गोंधळून पाणी प्यायलो आणि मग कळलं की तो पेला अध्यक्षांचा होता. अध्यक्ष होते रावसाहेब. जुने वकील, वय झालेलं, करारी माणूस. त्यांची नारळी-पोफळीची वाडी अगदी समुद्राला लागून. लाटा वाडी खाऊ लागल्या तेव्हा त्यांनी अर्ज-विनंत्या करून सरकारकडून वाडीपुढे दगडी बांध घालून घेतला होता. गावात त्या बांधाला रावसाहेबांचा बांध म्हणत. माझ्या उष्ट्या पेल्याकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि तो हलकेच बाजूला सारला. माणूस वाईट नव्हता.

पुढच्या वर्षीचा वैशाख संपत आला होता, होड्या किनाऱ्यावर ओढून घ्यायचे दिवस होते, आणि वादळ आलं. काही होड्या परतल्या, काही परतल्या नाहीत. न परतलेल्या एका होडीवर सभाबाईचा एकुलता एक मुलगा होता. घरात उरल्या ती, तिची सून हिरा आणि हिरेच्या अंगावरचं मूल. आता नारळी पौर्णिमेपर्यंत दर्या बंद. म्हणजे चूलही जवळजवळ बंद.

सरकारनं वादळात सापडलेल्या घरांना तांदूळ द्यायचं ठरवलं आणि गावात तोंडाला तोंड लागलं. खादीवाली पोरं म्हणाली, ज्यांनी लाठ्या मारल्या त्यांच्या तांदळाला शिवायचं नाही. ही पोरं घरी दोन वेळ जेवत होती. रावसाहेब म्हणाले, एकदा फुकटची चटक लागली की हात कामाला उठत नाही. मी ज्याच्या ओट्यावर बसलेला असेन त्याचं मला पटे. माझ्या ह्या गुणामुळेच बहुधा, समिती झाली तेव्हा रावसाहेब तिचे अध्यक्ष आणि मी चिटणीस झालो.

नियम रावसाहेबांनी घातला. नवरा मुंबईच्या गोदीत राबतोय आणि बायको इकडे सरकारी तांदूळ शिजवतेय, असं व्हायला नको. म्हणून जिचा नवरा वादळात गेला, तिनं पंचांसमोर स्वतःच्या तोंडानं तसं सांगावं. मला हे अगदी रास्त वाटलं. मी आतल्या भातशेतीच्या गावचा. समुद्र बघायला बरा वाटतो, एवढीच माझी त्याची ओळख.

त्या कोळीवाड्यात दर्यावर गेलेला माणूस अंग सापडल्याशिवाय मरत नसे. निदान नारळी पौर्णिमेपर्यंत तरी नाही. तोवर बायकोचं कुंकू राहायचं, बांगड्या राहायच्या, जेवणवेळेला त्याचं ताट वाढलं जायचं. कुणी विचारलंच तर "भायेर हाय" एवढंच सांगायचं. त्याआधी "मेला" म्हणणं म्हणजे पाण्यात हातपाय मारणाऱ्या माणसाला आपल्या हातानं खाली दाबणं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

मी घरोघर चौकशीला निघालो आणि नेमका आधी सभाबाईच्या दारात गेलो. हिरा समोर आली. मी शक्य तितक्या नाजूकपणे विचारलं, "आपले यजमान दिवंगत झाले काय?"

"म्हंजे काय वो?"

न समजलेलं समजावून सांगायची मास्तरांना खोडच असते. "दिवंगत म्हणजे असं बघा..." मी सुरू केलं. इतक्यात आतून सभाबाई आली. तिच्या हातात मासळीची पाटी धुतलेल्या पाण्याचं तपेलं होतं, आणि पुढच्या क्षणी ते रिकामं होतं.

"ताट वाडलंय, दिसत न्हाय?" ती म्हणाली. "माजा पोर भायेर हाय."

डोळ्यांतलं पाणी पुसून मी पाहिलं. चुलीजवळ खरंच एक ताट वाढलेलं होतं. त्यात चिमूटभर मीठ होतं. दुसरं काही नव्हतं.

मी तसाच निथळत रावसाहेबांकडे गेलो. "सर लागली वाटतं वाटेत?" ते म्हणाले. मी जवळ गेल्यावर त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

आषाढात चावडीत सभा भरली. मामलेदार स्वतः आले. भिंतीशी बायका बसल्या होत्या, साऱ्यांच्या कपाळाला कुंकू. दाराशी सभाबाई, डोक्यावर पाटी. रावसाहेबांनी प्रश्न विचारला. कुणी बोलेना. पुन्हा विचारला.

"हे बघा," मामलेदार म्हणाले, "मला द्यायचा आहे तांदूळ. पण निराधार असल्याचं तुम्ही सांगितल्याशिवाय एक दाणा देता यायचा नाही. आज सांगितलं नाहीत, तर पोती परत जातील."

पोती बाहेर गाडीवर होती. सगळ्यांना दिसत होती.

हिरा उठली. तिच्या कडेवरचं मूल मघापर्यंत किरकिरत होतं, आता तेही थांबलं होतं, आणि ते अधिक वाईट होतं. तिचा हात कपाळाकडे गेला. "सांगतंय सायेब," ती म्हणाली. "माजा नवरा..."

पाटी खाली आदळली.

तो आवाज मी पूर्वी अनेकदा ऐकला होता, पण हा पोकळ होता. पाटीत काही नव्हतं. दर्या बंद झाल्यापासून ती रिकामी पाटी डोक्यावर घेऊन सभेला येत होती. वास येत नाही हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"हिरे, खाली बस गो बाय," सभाबाई म्हणाली आणि पुढे आली. "सायेब, तुमाला निराधार रांड पायजे ना? ही मी हाय. माजा नवरा खाटेवर खोकून खोकून मेला, सगल्या गावाच्या डोल्यादेखत. लाकडं ह्या रावसाहेबांनीच धाडली व्हती, इचारा त्यांना. माजं कपाल कवाचं मोकलं हाय. पोसनारा पोर घरात न्हाय. कुठं हाय ते मना इचारू नका. मना पोसा. मी सुनेला घालीन."

शेजारणीकडून कधी उसना विस्तवही न आणलेली ती बाई. भरल्या चावडीत तिनं "मना पोसा" म्हटलं, तेव्हा तिची मान ताठ होती. बाकी आमच्या सगळ्यांच्या खाली होत्या.

मामलेदारांनी माझ्याकडे पाहिलं. "चिटणीस, मुलगा कुठं आहे, असं नियमात विचारलेलं आहे?"

"नाही," मी म्हणालो. त्या समितीत मी केलेलं हे पहिलं उपयोगी भाषण.

"मग आपणही विचारायला नको."

त्यावर भिंतीशी आणखी एक म्हातारी उठली. मग एक म्हातारा, काठी टेकत. पोती गाडीवरून उतरली.

गोष्ट इथं संपती तर मी ती सांगितलीही नसती. पुढं विहिरीच्या दुरुस्तीची सभा झाली. कोळीवाड्याची विहीर यंदा राहू द्यावी, असं रावसाहेब म्हणत होते. मागून सभाबाईनं नेहमीसारखी सुरुवात केली, "अध्यक्ष, त्या हिरीचं पानी..."

"बाई," रावसाहेब म्हणाले, "सरकारचा तांदूळ शिजवून आलीस ना? मग जरा गप ऐकावं."

ते रागानं बोलले नव्हते. टेबलावरची धूळ झटकावी तसं बोलले. सभाबाई गप्प झाली. मी वाट पाहिली. सगळ्या सभेनं वाट पाहिली. पाटी डोक्यावरच राहिली आणि विहीर राहून गेली.

परतताना मी तिला गाठलं. "मावशी, तांदूळ घेतला म्हणून बोलायचं नाही, असं कुठं आहे?"

"कुठं न्हाय मास्तर," ती म्हणाली. "पन तोंडात घास हाय ना. घास असला की मानसाला बोलता येत न्हाय." आणि ती पुढं चालू लागली.

त्यानंतर ती सभांना यायची, उभी राहायची, जमिनीकडे पाहायची. सभा लांबू लागल्या. वक्ते खूश होते. मला मात्र तिथं बसवेना.

पौर्णिमा तोंडावर आली तेव्हा समितीची शेवटची सभा भरली, मामलेदारांसमोर. रावसाहेबांनी ठराव मांडला: दर्यात नारळ पडला की होड्या जाणार, तेव्हा त्या दिवसापासून तांदूळ बंद. कुणाच्या होड्या? ज्यांची होडीही गेली आणि माणूसही, त्यांनी काय हातानं पोहत जाऊन मासे धरायचे? प्रत्येकाच्या मनात हेच होतं आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहत होता. मी उठलो. खिशात चांगलं मुद्देसूद भाषण होतं. मी मागे पाहिलं. ती दाराशी उभी होती, पाटी डोक्यावर, नजर खाली. मी कागद खिशातच राहू दिला आणि आयुष्यातलं सगळ्यांत वाईट भाषण दुसऱ्यांदा सुरू केलं.

"निराधारांना आधार देणे हे समाजाचे आद्य कर्तव्य आहे. आता समाज म्हणजे काय? समाज हा एक विशाल वृक्ष आहे..."

मागे काही हललं नाही. मी वृक्षाला फांद्या फोडल्या, फांद्यांना पालवी आणली. रावसाहेब कपाळ चोळू लागले. मामलेदारांनी घड्याळ काढून पाहिलं. ही बाई बोलली नाही, तर तांदूळ जाणार आणि तो मी घालवला असं गाव म्हणणार, हे मला दिसत होतं. सदरा पाठीला चिकटला होता. वृक्षावर आता फक्त पक्षी बसवायचे राहिले होते. मी बसवले.

"पाटी खाली ठेवू काय?"

आवाज अगदी हळू होता. मी कानांवर विश्वास न ठेवता पक्ष्यांची घरटी बांधायला घेतली. तोच पाटी धाडकन खाली आली.

"मास्तर, तुमचा समाज अजून गवसला न्हाय वाटतं! बसा आता, पाय दुखतील."

मी इतक्या आनंदानं कधी बसलो नव्हतो. खुर्ची कुणी तरी मागे सरकवलेली होती, त्यामुळे जमिनीवर बसलो, पण सभेचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

"रावसाहेब," सभाबाई म्हणाली, "आमी सरकारचा तांदूल खाल्ला म्हनून गप बसाचं ना? बसलो. पन मना एक सांगा. दर्या तुमची वाडी खात व्हता, तवा बांध कोनी घातला? सरकारनं. तुमी त्याच्या आड बसून नारल खाल्लंव, सुपारी खाल्लीव. मंग तुमी कदी गप बसलंव? आमी तांदूल खाल्ला, तुमी बांध खाल्ला. एक तर दोगं बोलू, न्हाय तर दोगं गप."

बाहेर त्या बांधावर लाटा आपटत होत्या. रोजच आपटायच्या; पण त्या दिवशी त्यांचा आवाज फार मोठा येत होता. रावसाहेब बराच वेळ तो ऐकत राहिले.

"मास्तर," ते म्हणाले. मला वाटलं, नोकरी गेली. "उठा आणि लिहा. ज्या घराला होडीत वाटा नाही, त्या घराला तो मिळेपर्यंत तांदूळ चालू राहील." मग थोडं थांबून, "आणि बाई, ती पाटी उचल. वाट अडते."

"उचलतंय," सभाबाई म्हणाली. "पन परत ठेवीन हां."

पौर्णिमा झाली. हिरेच्या कपाळाचं काय झालं, ते मी विचारलं नाही. विचारायचं कुठं थांबावं, एवढं मी एका तपेल्यात शिकलो होतो.

पुढच्या वर्षी माझी बदली पालीला झाली. निघायच्या सकाळी सभाबाई सुक्या कोळंबीच्या सोड्यांची पुडी घेऊन आली.

"मावशी, मी खात नाही हे."

"खायाला कोन सांगतंय? कोनी मोठा मानूस लय बोलाया लागला की मधोमध उघडा. सभा लवकर सरल."

गणपतीच्या गावात मी सोड्यांच्या वासासकट उतरलो. तिथं भाड्याची खोली मिळायला मला किती त्रास पडला, ती गोष्ट वेगळी. पुडी मात्र मी टाकली नाही.

काही वर्षांनी नव्या मास्तरांचं कार्ड आलं. सभाबाईबद्दल त्यांनी सरळ एका शब्दात लिहिलं होतं. तेही बिचारे आतल्याच गावचे. मी कुणाला तिची गोष्ट सांगितली, की ऐकणारे विचारतात, "आता कुठं असते हो ती?" मला तो शब्द अजून म्हणवत नाही. मी सांगतो, "भायेर हाय."