नासलं म्हणून ओतलं

शुद्धलेखन चुकेल, अक्षरही वेडंवाकडं आहे. माफी असावी. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली.

सहा फ्लास्क मोरीत ओतून, घासून पालथे घातले, तेवढ्यात केमिस्ट्रीचे सर आले.

"बाई, मुलांचं पॉलिमर कुठंय?"

"ते व्हय? नासलं होतं सर. दुधावाणी पांढरं झालं होतं. टाकलं."

सर स्टुलावर बसलेच.

एकोणीसशे सत्तरनंतरची गोष्ट. विश्रामबागेतल्या कॉलेजात मी टेम्पररी लॅब अटेंडंट होते. पॉलिमर म्हणजे बारीक कण जोडून झालेली लांब साखळी. बी.एस्सी.च्या मुलांनी चार दिवस खपून ते केलं होतं. गार पाण्यात ते विरघळतं, दिसत नाही. पाणी तापलं की पांढरं होतं. किती डिग्रीला, तेच मुलांना मोजायचं होतं. पण एप्रिलची दुपार, वर पत्रा. ते फळीवरच पांढरं झालं. माझं माहेर खंडाळ्याकडचं, दारात म्हशी. दूध नासलं की ओतायचं आणि भांडं घासायचं, एवढंच मला ठाऊक.

डिपार्टमेंटचे हेड म्हणाले, "ही लॅब आहे बाई, गोठा नाही." फुटलं-सांडलं लिहायची ब्रेकेजची वही असते. तीत माझ्या नावावर साठ रुपये पडले. "भरा, नाहीतर उद्यापासून येऊ नका."

घरात कमावणारी मी एकटी. सरांनी ते पैसे खिशातून भरले. म्हणाले, "लेबल मी लावलं नव्हतं. चूक माझीही आहे."

मुलांनी पुन्हा पॉलिमर केलं. पण गार ठेवायचं कसं? बर्फ आणला तर वाटेतच त्याचं पाणी व्हायचं. मी भीतभीतच विचारलं, "माठात ठिवू का?"

"ठेवा."

माठाला ओलं पोतं गुंडाळलं, फ्लास्कना बुचं लावून आत सोडले. दुसऱ्या दिवशी दुपारी काढले, तर आत नितळ पाणी. इस्लामपूरचा एक मुलगा ओरडला, "आवं मावशी, लय भारी! कायच दिसंना!" मग मुलं फ्लास्क कोमट पाण्यात धरून थर्मामीटर बघत बसली. बत्तिसाला झटक्यात पांढरं. गार केलं, पुन्हा नितळ.

"मावशी, आता वतू नका बरं का!" सगळे हसले. मीही हसले. त्या दिवशी सरांनी मला थर्मामीटर वाचायला शिकवलं. ते उपकार मी विसरले नाही.

सर पैसे परत घेत नव्हते. मी दर पगाराला पाच रुपये त्यांच्या टेबलावर ठेवून निघून यायची. माहीत नसलेलं ओतण्याआधी विचारावं. विचारायला काही पडत नाही. न विचारल्याचे साठ पडले, ते वर्षभरात पुरते फेडले.