पोपट हाकणारं विमान

अकोल्याच्या छोट्या विमानतळाच्या भिंतीला लागूनच सूर्यभानची पेरूची बाग होती. पोपट पेरू टोचून नासवायचे, म्हणून त्यानं रिमोटवर उडणारं थर्मोकोलचं विमान आणलं आणि घारीसारखं रंगवलं. घार दिसली की पोपट पळालेच!

बायको माणिकबाई बजावायची, "तिकडं माणसायचं विमान उतरते. तुमी कावून हे उडवून राह्यले?"

तो खवळायचा, "माह्यं विमान भिंतीपलीकडे गेलं काय कधी?"

त्या सकाळी घार झेपावली आणि बागेतून पोपटांचा थवा उठला. तेवढ्यात खरं विमान उतरायला खाली आलं. सूर्यभाननं झटकन आपलं विमान जमिनीवर आणलं, सुटकेचा निःश्वास सोडला आणि वर पाहिलं.

थवा भिंत ओलांडून थेट त्या विमानाच्या वाटेवर निघाला होता. रिमोट हातातच होता. थव्याला वळवणारं बटण त्यात नव्हतं.